घर नंबर ६१ च्या भिंतीत पाणी नसल्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदारसाहेब (टंचाई कामे),
तालुका कचेरी, पाथर्डी,
जिल्हा अहमदनगर.

अर्जदार : कानिफनाथ रंभाजी गर्जे, वय वर्षे ५२, धंदा शेती, राहणार मौजे खांडवाडी, घर नंबर ६१.
लिहिणार : गोरक्षनाथ, कचेरीच्या आवारात अर्ज लिहून देणारा. अर्जदार सांगेल तसे.

विषय : दि. २८ मे रोजी येणारी बोअरिंगची गाडी अर्जदाराच्या राहत्या घरात न लावता ओढ्यावरच्या उंबराजवळ लावण्याबाबत; घराच्या भिंतीला आलेल्या बुरशीचे खरे कारण कळविण्याबाबत; आणि एक नाव कमी करण्याबाबत.

संदर्भ : १) ग्रामसभा खांडवाडी, ठराव क्र. ९, दि. ३० एप्रिल १९७३.
२) टँकरची पाणी-यादी, अनुक्रमांक ३८.
३) भिंतीवरच्या कोळशाच्या तीन रेघा.

महोदय,

अर्जदाराने आजवर सरकारकडे काही मागितलेले नाही. आजही तो स्वतःसाठी मागायला आलेला नाही. गावाला जे मिळणार आहे ते वाया जाऊ नये, एवढ्यासाठी अकरा मैल चालून तो आवारातल्या लिंबाखाली येऊन बसला आहे. त्याचे म्हणणे क्रमाने खाली लिहिले आहे. एका ठिकाणी क्रम मोडला आहे. त्याचे कारण तिथेच दिले आहे.

१. मौजे खांडवाडीत गेल्या पावसाळ्यात नावापुरताही पाऊस झाला नाही. गावची विहीर पौषात तळाला गेली आणि माघात नुसता तळ राहिला. आता टँकर एक दिवसाआड येतो व यादीप्रमाणे माणशी एक घागर पाणी मिळते. हे साहेबांना ठाऊक आहे, म्हणून वाढवून लिहिलेले नाही. अशात बोअरिंगची गाडी मंजूर झाली. ती सोमवारी २८ तारखेला येणार, एक दिवस राहणार आणि एकच भोक पाडणार. पाणी लागले तर गाव राहील. न लागले तर गाडी पुढच्या गावाला जाईल, आणि खांडवाडीची पाळी पुन्हा कधी येईल हे कोणी सांगत नाही. ते एक भोक अर्जदाराच्या घरात, मागच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीपासून दीड हातावर पाडायचे असे ग्रामसभेने ठरवले आहे. तिथे पाणी नाही. अर्जदार हे शपथेवर सांगतो.

२. गावाची यात चूक नाही. मागच्या खोलीची ती भिंत खरोखर ओली आहे आणि तिच्यावर बुरशी आहे. खाली पांढरी, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी. त्यावर हिरवट. कोपऱ्यात काळी. अर्जदाराची बायको साळूबाई त्याच खोलीत दि. १० एप्रिल रोजी वारली. सुतकात भेटायला आलेली माणसे भिंतीकडे तोंड करून बसली. रडून झाल्यावर त्यांची नजर भिंतीवर गेली. त्या दिवसांत गावच्या शिवारात हिरवे असे तेवढेच होते. चिंचेची पाने झडलेली, जनावरे छावणीत गेलेली, आणि या घरात भिंतीला कोंब फुटावेत तसे काहीतरी आलेले. कोणी उठून हात लावला. हात ओला झाला. त्याने तो हात डोळ्यांना लावला.

दहावा झाल्यावर छगन पाणाड्याला आणले. त्याने तळहातावर नारळ ठेवला आणि तो नारळ खोलीत उभा राहिला, म्हणजे खाली पाणी. त्याआधी आठ दिवस हाच नारळ ओढ्याच्या वळणावरच्या उंबराजवळही उभा राहिला होता, पण तिथे दाखवायला ओली भिंत नव्हती. नुसत्या नारळापेक्षा डोळ्यांना दिसते ते माणूस खरे धरतो. त्याच संध्याकाळी माणसे भिंतीला कान लावून गेली. चौघांनी आत पाणी वाहताना ऐकले. शेजारच्या बनुबाई, वय सत्तरच्या पुढे, यांनी भिंतीला हळदीकुंकू वाहिले आणि गंगामाई असे नाव दिले. दुसऱ्या दिवशी नारळ फुटले. तिसऱ्या दिवशी माणसे बुरशी नखाने खरवडून कपाळाला लावू लागली.

अर्जदार हे सगळे उंबऱ्यात बसून पाहत होता. त्याला काय वाटले ते अर्जात लिहिण्याची रीत नाही, म्हणून लिहिलेले नाही.

३. अर्जदाराला ओलीतले कळते. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढचे समजावे म्हणून सांगतो. खांडवाडीची जमीन काळी, पण कोरडवाहू. परतीचा पाऊस जेवढी ओल देऊन जाईल तेवढ्यावर ज्वारी काढायची. थंडी पडली की जमिनीला भेगा जातात आणि ओल त्या भेगांतून उडते. तेव्हा कोळपे धरायचे, वरची माती मोकळी करायची, भेगा बुजवून टाकायच्या. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुनी माणसे सांगतात. लोक दोन कोळपण्या देतात, अर्जदार चार देई. शेजारच्या रानात कणीस भरले नाही अशा सालीही याच्या ज्वारीत शिरलेला माणूस दिसत नसे. लोक विचारायला येत. तो सांगे, "पानी आनायला कुनीबी आनंल. हाय ते जाऊ न देनं अवघड."

या एका वाक्यावर त्याचा जन्म गेला. पुढे जे झाले तेही याच वाक्याने झाले.

४. साळूबाई नेवाशाकडची. माहेरी प्रवरेचे पाणी दाराशी. तेहतीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन कोरड्या मुलखात आली. पहिल्या वर्षी ती घागर विसळून पाणी फेकून देई, आणि सासूने त्यावरून तिला नदीवाली हे नाव ठेवले. मूलबाळ झाले नाही. घरात ही दोनच माणसे.

गेल्या कार्तिकात दोघेही दुष्काळी कामावर सडकेची खडी फोडायला गेले. खडीची धूळ तिला बाधली. आधी नुसता खोकला, मग दमा. पौषापासून ती आडवी होऊन झोपेना. भिंतीला टेकून बसे आणि बसल्याबसल्या डोळा लागे. औषध घ्यायला गेल्यावर दवाखान्यात सांगितले की धुळीपासून जपा, उन्हात नेऊ नका, गारव्यात ठेवा. सांगणाऱ्याचे काही चुकले नाही. अर्जदाराने ते ज्या प्रकारे केले त्यात चूक आहे.

शिमगा झाल्यावर त्याने मागची खोली शेतासारखी राखायला घेतली. खिडकी विटांनी बुजवून वरून शेणमातीने लिंपली. माळवदाला धूर जायला भोक असते, त्याच्यावर शहाबादी फरशी ठेवून कडा बंद केल्या. भिंतीतली एकेक भेग शोधली. शेणमातीत गव्हाचे काड कालवले, म्हणजे लिंपण सुटत नाही. दाराच्या आतून ओले गोणपाट सोडले. जमिनीवर वीतभर वाळू अंथरली, ती भिजवली आणि तिच्यावर दोन रांजण बसवले. ज्वारीची कणगी भिंतीला लावून ठेवली, म्हणजे मागूनही वारा फिरणार नाही. बाहेर वैशाखासारखी धूळ उडत असताना आत पाय ठेवला की अंगावर काटा येई.

साळूबाईला ते आवडले. पहिल्या दिवशी ती आत बसली, एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "अवं, म्हायेरचा वास येतोय."

त्या वाक्यावर अर्जदार तीन आठवडे पाणी वाहत राहिला.

५. ते पाणी कुठले, हा प्रश्न साहेब विचारतील. ग्रामसभेत हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि अर्जदारानेही तिथे सांगितले नाही. आता सांगतो. यादीप्रमाणे दोघांच्या दोन घागरी मिळत. त्यांतल्या एकीत दोघे दोन दिवस काढत आणि दुसरी वाळूत जाई. तेवढ्याने भागत नव्हते. म्हणून अर्जदाराने ओढ्याच्या वळणावर, उंबराजवळ, एक झिरा उकरला. कमरेइतके खणल्यावर वाळू ओली लागली आणि हळूहळू पाणी जमू लागले. वाटीने भरायचे, वाट बघायची, पुन्हा भरायचे. अर्ध्या दिवसात एक घागर. गढूळ पाणी, पण गोडे. तो झिरा त्याने कोणाला सांगितला नाही. निघताना वर चपटा दगड टाकी आणि दगडावर बोरीची काटेरी फांदी ओढी. सगळे गाव घसा कोरडा करून टँकरची वाट पाहत असताना हा माणूस घागरभर पाणी चोरून नेत होता आणि प्यायलाही नेत नव्हता. भिंतीला पाजायला नेत होता.

हा गुन्हा आहे. त्याची जी शिक्षा असेल ती अर्जदार घेईल. परंतु एवढे लक्षात घ्यावे की भिंतीत जे पाणी दिसते आहे ते उंबराचे आहे. ते खालून वर आलेले नाही. ते डोक्यावरून आलेले आहे.

सुमारे बाराव्या दिवशी कणगीच्या मागे पांढरे दिसू लागले. भिंत पांढऱ्या मातीची. ती खालचे पाणी वर ओढते, वात तेल ओढते तशी. त्यात शेण आणि काड, म्हणजे बुरशीला खायला. त्यात उजेड नाही, वारा नाही, आणि एका आजारी माणसाचा श्वास आतल्या आत. कोरड्या मुलखात भिंतीला बुरशी येत नाही असे आपण म्हणतो, कारण आपली घरे फटींची असतात. फटी बुजवल्या की कोरडा मुलूख दाराबाहेर राहतो. हे अर्जदाराला आज सांगता येते. तेव्हा तो खूश झाला. रानात ढेकूळ फोडल्यावर आत पांढरे तंतू दिसले की समजावे ओल धरली. त्याला वाटले, धरली.

साळूबाईने ते पाहिले तेव्हा तिला बोलताना धाप लागत होती, तरी ती म्हणाली, "रानात काय उगवलं न्हाई, ते हितं उगवलं. आता खुरपायला बाया लावा."

दोघे हसले. तिला हसताना ठसका लागला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

यानंतर तिने दार उघडायला सांगितले. तीनदा सांगितले. पहिल्यांदा म्हणाली की थोडा वारा येऊ द्या. अर्जदाराने सांगितले की ओल जाईल. दुसऱ्यांदा म्हणाली की वारा नको, पण दार उघडे नुसते दिसू द्या. अर्जदाराने सांगितले की धूळ येईल. तिसऱ्यांदा तिने नुसते दाराकडे बोट केले. अर्जदार म्हणाला, "आजचा दिस थांब. उद्या दोन घागरी आनतो."

इथे आणखी एक गोष्ट नोंदवायची आहे. गावात जमिनीत खणलेली धान्याची पेवे आहेत. पेव उघडले की आत कोणी लगेच उतरत नाही. आधी दिवसभर तोंड उघडे ठेवतात, मग कंदील सोडतात, कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो. पेवाला ओल लागली की ज्वारी बुरशीने काळी पडते आणि आतली हवा माणसाला मारते, हे खांडवाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अर्जदाराने स्वतः वीस वेळा कंदील सोडला आहे. त्याला ओल राखायचे कळत होते आणि पेवाचेही कळत होते. दोन्ही एकाच डोक्यात होते. त्याने एक वापरले आणि दुसरे त्याला आठवले नाही.

६. (हा क्रमांक मोकळा ठेवला आहे. इथवर आल्यावर अर्जदार पाणी पिऊन येतो म्हणून उठला आणि आवाराच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. परत आल्यावर म्हणाला, पुढचं घ्या, हे मागनं सांगतो.)

७. ग्रामसभेत अर्जदाराने पहिल्यांदा सांगितले की घरात झरा नाही, पाणी आम्हीच शिंपडत होतो. लोक हसले. म्हणाले, या दुष्काळात भिंतीवर पाणी कोण शिंपडतो? हा प्रश्न बरोबर होता आणि अर्जदारापाशी उंबराचे नाव न घेता त्याला उत्तर नव्हते. दुसऱ्यांदा बोलायला उठला तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले की घर जाईल म्हणून गर्जे घाबरला. सरपंच आप्पासाहेब जाणते आहेत. त्यांनी हसणाऱ्यांना गप्प केले, अर्जदाराला बाजूला घेतले आणि सांगितले, "कानिफनाथ, घराचं मनावर घेऊ नगं. गाव नवं बांधून दील. आन् पानी लागलं तर नाव साळूबाईचंच देऊ. साळूबाईचा झरा. पोरं-ठोरं पितील तवर तिचं नाव ऱ्हाईल."

हे ऐकून अर्जदार तीन आठवडे गप्प बसला.

साहेबांना याचे नवल वाटेल. परंतु अर्जदाराला मूल नाही. नदीकाठची बाई कोरड्या गावात येऊन राहिली, आणि तिचे नाव पाण्याला मिळत होते. खरे सांगायला गेले तर तिचे नाव जाते आणि हाती राहते ते एवढेच की तिला कोणी मारले. तो रोज सकाळी ठरवी की आज आप्पासाहेबांकडे जायचे, आणि उंबऱ्याशी येऊन बसे. मनात म्हणे, कोण जाणे, लागेलही पाणी. छगनचा नारळ उभा राहिला होताच.

८. मधल्या काळात त्याने भिंतीवर रेघा ओढल्या. खोलीचे दार आता उघडे होते, माणसांची ये-जा होती, वारा फिरत होता. ओल जिथवर चढलेली दिसे तिथे सोमवारी सकाळी कोळशाने रेघ. दि. ३० एप्रिलची रेघ उभ्या माणसाच्या छातीला. दि. ७ मेची कमरेला. भिंत वाळत होती. झरा असता तर वाळली नसती, आणि हे दाखवून ठराव फिरवता आला असता. हिंमत झाली असती तर ७ तारखेलाच सगळे मिटले असते.

पण ७ तारखेला त्याला दिसले की वाळता वाळता भिंत साळूबाईच्या जागेला आली आहे. ती जिथे टेकून बसे तिथे पाठीएवढा एक डाग होता. तिच्या पाठीने बुरशी तिथे धरू दिली नव्हती, म्हणून भोवती काळे-हिरवे आणि मध्ये मातीचा रंग, एका बसलेल्या बाईएवढा. कडा कोरड्या होऊन भुकटी गळू लागली होती. आणखी आठ दिवसांत सगळीच भिंत एका रंगाची होणार होती.

पाणी-यादीत अनुक्रमांक ३८ वर अजून दोन माणसे आहेत. साळूबाईचे नाव कमी करायला अर्जदार गेला नाही. तिची घागर दर खेपेला मिळत राहिली. आधी तो ती बनुबाईंच्या शेळीला देई. ८ मेपासून त्याने शेळीला दिली नाही. मेलेल्या माणसाच्या जागी दहा दिवस पाण्याचा तांब्या ठेवतात, अकराव्याला बंद करतात. याने बंद केलेला तांब्या पुन्हा सुरू केला. रोज दुपारी खोलीत कोणी नसताना तिच्या वाटणीचे पाणी त्या डागाच्या पायथ्याशी ओतले.

दि. १४ मेची रेघ छातीच्याही वर गेली.

गावाने ती पाहिली. झरा चढतोय, असे म्हणून छगनने टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी वाजंत्री आली. अर्जदाराने स्वतः ओढलेल्या तीन रेघा आज गावाच्या बाजूचा पुरावा आहेत, आणि तो खोटा पुरावा त्याने एका घागरीने केलेला आहे.

९. तरीही तो कदाचित गप्पच राहिला असता. परवा, शनिवारी, गावातल्या कोंडीरामची सून भागिरथी आपले आठ महिन्यांचे लेकरू घेऊन आली. लेकराला खोकला होता. तिने भिंतीशी पटकूर अंथरले आणि त्याला तिथे निजवले. का, तर गंगामाईच्या गारव्याला बरे वाटेल. लेकरू भिंतीकडे तोंड करून निजले. त्याचा श्वास वाजत होता. तो आवाज अर्जदाराच्या ओळखीचा होता.

त्याने लेकरू उचलले आणि बाहेर अंगणात, उन्हात, धुळीत नेऊन ठेवले. भागिरथी रडू लागली. बनुबाई मोठ्याने म्हणाल्या की बायको गेली तरी याची हाव गेली नाही, गंगा एकट्यालाच पाहिजे. अर्जदाराने मागच्या खोलीचे दार बिजागरीतून काढले, दोन्ही फळ्या अंगणात टाकल्या, माळवदावर चढून फरशी ओढून काढली. गावाने त्याला वेडा ठरवले. आज सकाळी तो इकडे निघाला.

६. (वर मोकळा ठेवलेला.) दि. १० एप्रिल, मंगळवार. सकाळी अर्जदार दोन घागरी घेऊन उंबराकडे गेला. दोन आणतो असे कबूल केले होते. वाटीने भरता भरता दिवस माथ्यावरून ढळला. एक पूर्ण भरली, दुसरी निम्मी. परत येऊन गोणपाट बाजूला केले तेव्हा आत नेहमीसारखा अंधार नव्हता. बुजवलेल्या खिडकीतून उजेडाची एक काडी आत आली होती आणि साळूबाईच्या पदरावर पडली होती. ती खिडकीखाली, पाय पसरून, तोंड वर करून बसली होती. खिडकीच्या दोन विटांमधले लिंपण तिने नखांनी उकरून काढले होते. भोक एवढेसे, बोट जाईल एवढे.

अर्जदाराने घागरी उतरवल्या. तो खिडकीपाशी गेला. ओल जाऊ नये म्हणून त्याने आधी त्या भोकात बोट घातले, आणि मग तिला हाक मारली.

(लिहिणाऱ्याने विचारले, हे कचेरीत द्यायच्या कागदावर राहू द्यायचे का? अर्जदार म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. त्याबिगर त्यांला खरं वाटनार न्हाई.")

१०. वरील सर्व हकिकत ध्यानात घेऊन विनंती ती अशी :

(अ) बोअरिंगची गाडी घर नंबर ६१ मध्ये लावू नये. ओढ्याच्या वळणावर उंबरापासून पूर्वेला सात पावलांवर एक चपटा दगड आहे, त्यावर बोरीची फांदी आहे. दोन्ही उचलून पाहावे. तिथे खोल पाणी लागेलच असे अर्जदार म्हणत नाही, ते देवाच्या आणि गाडीच्या हाती. पण घरात लागणार नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नाही.

(ब) २८ तारखेपूर्वी साहेबांनी एखादा माणूस भिंत पाहायला पाठवावा. दार काढलेले आहे, माळवदाचे भोक उघडे आहे, कणगी हलवली आहे. परवापासून तिथे पाणी ओतलेले नाही आणि ओतणार नाही. माणूस येईल तेव्हा भिंत कोरडी असेल. डागही नसेल. तोवर लहान मुलांना खोलीत येऊ न देण्याबद्दल गावाला सरकारी शब्द जावा. अर्जदाराचा शब्द आता चालत नाही.

(क) उंबराजवळ पाणी लागल्यास त्याला साळूबाईचे नाव देऊ नये. ते पाणी अर्जदाराने चोरलेले होते. तिने ते मागितले नव्हते. तिने दार उघडायला सांगितले होते.

(ड) टँकरच्या पाणी-यादीतील अनुक्रमांक ३८ वर दोन माणसे आहेत ती एक करावीत. साळूबाई कानिफनाथ गर्जे हे नाव कमी करावे. हे पूर्वीच कळवायला पाहिजे होते. उशीर झाला.

कचेरी बंद होईपर्यंत आणि उद्या उघडल्यावरही
आपल्या पायरीशी हजर असलेला,

कानिफनाथ रंभाजी गर्जे
(निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची. अर्जदाराला सही येते. आज त्याने अंगठाच पुढे केला.)

तारीख २१ मे १९७३, सोमवार.
आज भिंतीवर रेघ ओढलेली नाही.

सोबत :
१) पाणी-यादीची नक्कल, एक.
२) कणगीमागच्या भिंतीचा पोपडा, बुरशीसह, कागदाच्या पुडीत. पुडी उघडताना तोंड बाजूला धरावे.
३) खिडकीच्या लिंपणाचे ढेकूळ, एक, फडक्यात बांधलेले. त्यावर नखांच्या तीन रेघा आहेत. साहेबांनी पाहून झाल्यावर हे एवढे अर्जदारास परत मिळावे.